बैलाचा वाटा

रेस दिली की म्हातारी गाडीसुद्धा तरणी वाटते. तिची खरी तब्येत कळते ती उभी असताना, पाय उचलल्यावर, इंजिन नुसतं स्लोवर चालू असताना. हे मला कुण्या मिस्त्रीनं शिकवलं नाही. एका जुन्या पिकअपनं शिकवलं, आणि शिकवताना माझ्या बापाला मधे घेतलं. म्हणून चार ड्रायव्हर लोकांत बसलो की मी गाड्यांच्या छप्पन्न गोष्टी सांगतो, ही तेवढी सांगत नाही.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. आमचं गाव मुधोळ आणि भैंशाच्या मधलं. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, आणि तिन्हीत मार खाऊन मी इंटरला, म्हणजे बारावीला, दोनदा नापास. आमच्या बुद्धविहाराजवळच्या वस्तीतली माझ्या वयाची पोरं मास्तर झाली, एक तर तहसीलात कारकून लागला. मी आदिलाबादला जाऊन लायसन काढून आलो. माझा बा गावातल्या एका शेतकऱ्याकडे सालगडी होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर त्या एकाच घरी राबणारा. अशी तीस वर्षं झाली होती. त्या घरचे बैल म्हणजे बाचेच बैल. दावण मालकाची, पण बैल कोणाच्या हाकेला वळतात ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात मालकांनी बैलजोडी विकली आणि भैंशाहून एक जुनी पिकअप आणली. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, बैल बसून खातात, असा त्यांचा हिशेब. गाडी चालवायला मला ठेवलं. बा बैलांमागं चालत गेला आणि पोरगा स्टेअरिंगवर बसला, म्हणून माय वस्तीभर सांगत फिरली. मीही काही कमी फुगलो नाही. गाडीला वेगळी जागा नव्हती, म्हणून ती बैलांच्या गोठ्यातच उभी राहायची. बा रोज सकाळी गोठा झाडायचा. शेण नव्हतं, तरी झाडायचा. गाडीच्या चाकांभोवतीची माती खराट्यानं ओढून काढायचा आणि एकदा तिच्या टपावर हात फिरवायचा. मला ते पाहून हसू यायचं.

मंग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गोठ्यात गेलो तर बोनटच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या वर, पिवळे तेलकट डाग. हळद आणि लोणी. मला वाटलं, मालकांच्या नातवंडांनी माकडचाळे केले. डोकं फिरलं माझं, काऊन की तिथला रंग मी आदल्याच आठवड्यात घासून चकचकीत केला होता. घरून स्टोव्हच्या रॉकेलची बाटली आणली, बोळा भिजवला आणि डाग पुसून काढले. बाटली टाकीच्या झाकणापाशी पत्र्यावर ठेवली होती, ती कलंडली आणि थोडं रॉकेल तिथंच सांडलं. बा गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवसापासून गाडी बिघडली. सकाळी चालू करायची तर पहिल्या हाकेला ओ द्यायची. पाच-सहा किलोमीटर गेलं की झटके खात मिसिंग मारायला लागायची. रेस दिली तर कशीबशी ओढायची, पाय उचलला की नखशिखान्त थरथरायची, स्टेअरिंग हातात नाचायचं, आणि वर एक आवाज, टक टक टक, पुढून, खालून. बंद करून अर्धा तास उभी केली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालायची. माणूस असा दुखण्याचं सोंग करतो, गाडी कशी करेल, हे मला कळेना.

मला येत होतं तेवढं सगळं मी केलं. डिझेलचा फिल्टर बदलला. हवेचा फिल्टर झटकला, त्यात मूठभर धूळ निघाली पण फरक पडला नाही. पाइपात हवा धरली असेल म्हणून हातपंप मारून हवा काढली, तर दोन दिवस गाडी सुधारली आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं पाहिली, ती शाबूत होती. पण टकटक काही सापडेना. स्लोवर वाजायची, रेस दिली की गायब. मी बोनट उघडून त्या इंजिनात डोकं घालून बसायचो आणि माय म्हणायची, जेवण थंड झालं, ते इंजिन तुला वाढणार आहे का.

शेवटी एक दिवस मालक बाजूला बसलेले, मागं युरियाची पोती, वरून झड लागलेली, आणि गाडी भैंशाच्या रस्त्यावर बंद पडली. मालकांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण त्यांना सगळं कळायचं. त्यांनी टक टक ऐकली आणि निकाल दिला, "बेरिंग गेलं. आइल न पाहता पळवली तू." मी म्हटलं, आइल मी रोज पाहतो. ते खाली उतरले, टाकीजवळ वाकले, झाकण उघडलं आणि नाक लावलं. झाकणाभोवतीचा पत्रा आणि त्यावरची माती त्या सांडलेल्या रॉकेलचा वास धरून बसले होते.

"रॉकेल पाजून राह्यला तू गाडीले," मालक म्हणाले. "डिझेल इकतं अन् कंट्रोलच्या दुकानाचं रॉकेल भरतं. मले वाटलंच होतं."

माझ्या नाकावरचा राग तर तेव्हा गावभर माहीत होता. मी किल्ली त्यांच्या पायाशी चिखलात फेकली. तीच चूक झाली, कारण खरं बोलणारा किल्ली फेकत नाही असं मालकांचं म्हणणं पडलं. किल्ली मलाच उचलावी लागली. ते शांतपणे म्हणाले, "उद्या भैंशाले मिस्त्रीकडं नेऊ. त्यानं सांगतलं का बेरिंग गेलं, रॉकेल हाये, तं परवापासून तू येऊ नोको. अन् तुह्या बापालेबी सांग, त्यानंबी येऊ नोको. चोराच्या बापाचं माह्या गोठ्यात काय काम."

नोकरीचं मला एवढं नव्हतं, खरं सांगतो. ड्रायव्हरला कुठेही गाडी मिळते. पण बाला दुसरा गोठा कुठून मिळणार होता? आणि चोर हा शब्द आमच्या घराला कधी लागला नव्हता. आमच्यासारख्यांना तो लवकर लागतो आणि मग पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं बा म्हणेल, मालक काहीबी बोलते, उचलली जीभ लावली टाळ्याले. बानं ताट बाजूला सारलं आणि मला विचारलं, "खरं सांग. टाकलं काय तू रॉकेल?"

"बा, तूबी?"

"म्या पाह्यलं तुले बाटली घेऊन. टाकीपाशीच बसला होतास."

"बोनट पुसलं म्या."

"बोनट कोन रॉकेलनं पुसते?"

"डाग होते हळदीचे. कोन्या येड्यानं फासून ठेवलं होतं, थे पुसलं."

बा गप्प झाला. एकदम गप्प झाला, मान खाली घातली, आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, याचा माझ्यावर विश्वास नाही. तीस वर्षं ज्या घरची कडब्याची पेंडी इकडची तिकडं केली नाही, त्या घरी पोरानं नाव घालवलं, असं याच्या मनात बसलं. त्याच्या त्या गप्प बसण्याचा राग मी उराशी धरून झोपलो. मालक परका, तो बोलला तर बोलला. बापानं तरी विचारायला नको होतं, असं मला वाटत राहिलं.

सकाळी निघताना बा गोठ्यात तयार उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. "म्याबी येतो," म्हणाला आणि मागं डाल्यात, माल ठेवतात तिथं, चढून बसला. मालक माझ्या शेजारी. भैंशापर्यंत गाडी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

मिस्त्री उर्दू बोलणारा, बुटका, पान खाणारा माणूस. त्याची कामाची रीत मला फार आवडायची. तो गाडी आली की आधी मालकाला बोलू द्यायचा नाही. म्हणायचा, "सेठ, तुम चाय पिओ, गाडी को बोलने दो." त्यानं इंजिन स्लोवर सोडायला सांगितलं. मग इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या चार नळ्या असतात, त्यांचे नट तो पान्यानं एकेक ढिले करत गेला. एक ढिला केला की तेवढं इंजिनाचं घर, म्हणजे सिलिंडर, मरतं आणि आवाज पडतो. नाही पडला तर समजायचं, ते घर आधीच मेलेलं आहे. चारही वेळा आवाज सारखाच पडला. म्हणजे चारही घरं जिवंत. त्यानं मान हलवली. मग लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला लावून डोळे मिटले. जागा बदलून बदलून, चांगली पाच मिनिटं तो ऐकत होता.

"बेरिंग?" मालकांनी विचारलं.

"बेरिंग को कुछ नै हुआ, सेठ. अंदर सब चुप है. ये आवाज बाहर का है. और गाडी भूकी है. उसको डिझेल पहुँच नै रा."

"रॉकेल?"

"टाकी खोलते. मालूम पडता."

टाकीखाली पत्र्याचं घमेलं लावलं आणि तळाचा नट सोडला. डिझेल आलं, धार बारीक झाली, थेंब थेंब झाली आणि थांबली. टाकी तर अर्धी भरलेली. मिस्त्रीनं भोकातून तार घातली, ढोसलं, आणि एकदम भसकन डिझेलबरोबर कसले तरी काळेपिवळे गोळे घमेल्यात पडले. चिखलासारखे, पण चिखल नाही. मिस्त्रीनं एक गोळा बोटांत चिरडला, नाकाशी नेला, पुन्हा नेला. आतून डाळीचा चुरा निघाला.

"ये तो पूरनपोली है, सेठ," तो म्हणाला. "डिझेल एकदम साफ है. रॉकेल-बिकेल कुछ नै."

मी सुटलो. क्षणभर असं वाटलं की त्या मिस्त्रीच्या पाया पडावं. पण मालक माझ्याकडे वळले. "मंग पोळी टाकली तू? बदला घेऊन राह्यला माह्यावर?"

तेवढ्यात मिस्त्री पुढच्या बंपरखाली शिरला होता. पावसाळाभर आमच्या काळ्या मातीचा चिखल तिथं थापून बसलेला. त्यातला एक लोंबता गोळा त्यानं पान्यानं ठोकला, तो लोखंडी पट्टीवर आपटला, टक. त्यानं पुन्हा हलवला, टक. गाडी स्लोवर थरथरायची तेव्हा हा गोळा पट्टीवर आपटायचा, रेस दिली की थरथर कमी व्हायची आणि हा गप्प. मिस्त्रीनं माती फोडली. आत सुंभानं बांधलेली पितळेची घंटी. आतली वाजणारी लोळी कधीच गळालेली, काठाला एक टवका.

तो टवका मला ठाऊक होता. डाव्या बैलाच्या गळ्यातली घंटी ती. पाच-सहा वर्षांपूर्वी बैलानं खुंट्यावर मान घासली तेव्हा तो उडाला होता. जोडी विकली तेव्हा बानं ती सोडून घरी आणली होती आणि ती आमच्या घरात खिळ्याला टांगलेली असायची. खिळा रिकामा झालेला मी पाहिला नव्हता, कारण मी घरात इंजिनाशिवाय काही पाहतच नव्हतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर माझ्याच ताटात जेवत होता. मी बाच्याकडे पाहिलं. तो डाल्याला टेकून उभा होता. त्याचा हात टोपीकडे गेला. मालकांशी बोलायचं असलं की तो आधी टोपी काढायचा. तो बोलणारच होता. हे मला आज कळतं. त्या वेळी कळलं नाही असंही नाही, पण मी थांबलो नाही. रात्रीपासून धरलेला राग तोंडातून बाहेर पडला.

"माह्याकडं काय पाहता मालक? याले इच्यारा," मी ओरडलो. "माह्यावर संशय घेते अन् सोताच गाडीले पोळी चारते. या येड्याची हाये घंटी."

शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक उठून आले. बानं टोपी काढली. हातात धरली.

"मालक," तो म्हणाला, "पोळ्याले मालकीनबाईनं पाच पोळ्या धाडल्या. दर सालासारख्या. दोन बैलाच्या, तीन माह्या. तीन म्या खाल्ल्या. बैलाचा वाटा म्या कसा खाऊ? बैल तं नाही. मंग त्याच्या ठान्यावर जे उभं हाये, त्याले देल्ल्या. पोरगं तिथूनच पाजते ना तिले, म्हून तिथूनच चारल्या. खांदेबी शेकले होते आदल्या दिवशी. आवतन देल्लं होतं."

म्हणजे हळद-लोणी ते होतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्यांच्या कानात म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बानं ते बोनटच्या कानात म्हटलं होतं. आणि मी ते रॉकेलनं पुसलं होतं.

मालक हसायला लागले. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. टपरीवरचे हसले, मिस्त्रीचे कामगार हसले. कोणीतरी म्हणालं, पुढच्या साली शिंगं लावा हिला. मालक म्हणाले, "अरे, तिले डिझेल लागते बाबा, पुरन नाही लागत." बासुद्धा हसला थोडा. त्याला हसावंच लागलं. एकटा मिस्त्री हसला नाही. त्यानं घमेलं उचललं आणि डिझेल गाळायला लागला.

टाकी धुतली, जाळी साफ केली, डिझेल गाळून भरलं, हवा काढली. दुपारपर्यंत गाडी स्लोवर अशी चालायला लागली की बोनटवर पाण्याचा गिलास ठेवावा आणि तो सांडू नये. रॉकेलचा शब्द मालकांनी परत घेतला नाही. घेतात कुठं असे शब्द परत? फक्त म्हणाले, "चाल, उद्या सकाळी लवकर काढजो गाडी." माझं नाव साफ झालं ते असं. आपलेच दात, आपलेच ओठ, पण चावलं कोणी ते मला पक्कं माहीत आहे.

गावात ती गोष्ट आमच्या आधी पोचली. पोरं बाच्या मागं हंबरायची. बा दुसऱ्या दिवसापासून गोठा झाडायला गेला नाही. मालकांनी बोलावलं, गेला नाही. तीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा मालकांना नाही म्हटलं. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुह्यं नाव निंगालं ना बाहेर? मंग झालं." आणि आठ-दहा दिवसांनी ओसरीवर बसल्या बसल्या विचारलं, "घंटी कुठी हाये रे?"

घंटी मिस्त्रीच्या फळीवर राहिली होती. मी दुसऱ्या दिवशीच भैंशाला गेलो. फळीवर नव्हती. मिस्त्रीनं सगळीकडे शोधलं, कामगारांना विचारलं. भंगारवाला सकाळीच येऊन पितळ-तांबं घेऊन गेला होता. मी त्याच्याकडेही गेलो. त्याच्या ढिगात घंट्या होत्या, टवका असलेली नव्हती.

"गाडीलेच बांधली, बा," मी म्हटलं. "होती तिथंच."

तेव्हापासून बा संध्याकाळी ओसरीवर बसायचा. गाडी मालकांकडे सोडण्याआधी मी आमच्या घरावरून आणायचो, काऊन की माय जेवणाचा रिकामा डबा घ्यायला यायची. मी पाय उचलायचो, गाडी दारात स्लोवर उभी राहायची. बा मान तिरपी करून ऐकायचा. इंजिन एकसारखं चालायचं, दुसरा आवाज नाही. असं कितीतरी दिवस चाललं.

एकदा तो उठून गाडीजवळ आला. बंपरला हात लावला, पण खाली वाकला नाही. गुडघे दुखायचे त्याचे तेव्हा. मला म्हणाला, "वाजत नाही थे आता."

"मिस्त्रीनं घट्ट बांधून देल्ली, बा. म्हून वाजत नाही."

खरं बोललो होतो तेव्हा या माणसानं माझी उलटतपासणी घेतली होती. आता त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. बंपरवरची धूळ हातानं पुसली.

"तू म्हनतं तं असनच," म्हणाला, आणि ओसरीवर जाऊन बसला.